घरातला प्रत्येक खोकला माझा

खोकला आला की हातमाग जोरात हाणायचा, ही युक्ती आमच्या घरात पहिल्यांदा कोणी काढली ते मला आजही सांगता येत नाही. बाबा म्हणायचे मायनं सुचवलं, माय म्हणायची यांचेच पाय आपोआप चालायला लागले. पण एकदा सवय लागली ती लागलीच. गल्लीतलं कोणी दारात येऊन उभं राहिलं आणि तेवढ्यात माझ्या छातीतून उबळ वर यायला लागली, की मी तोंडात फडकं कोंबायची आणि बाबा मागाच्या खड्ड्यात बसल्या बसल्या पावड्यांवर असे पाय मारायचे, की सुताचा धोटा या टोकाहून त्या टोकाला नुसता पळत सुटायचा. खट्-खटाक, खट्-खटाक. दारातल्या माणसाला वाटायचं, काय मेहनती माणूस आहे हो हा. मी आतल्या कोपऱ्यात डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकून घ्यायची. खोकला थांबला की मागही पुन्हा आपल्या चालीवर यायचा.

आम्ही जुन्या नागपुरातले साडी विणणारे. आमच्या गल्लीत दारोदार माग होते आणि आवाजाची इतकी सवय, की दुपारी जेवणाच्या वेळी सगळे माग थांबले म्हणजे कानाला चुकल्यासारखं व्हायचं. घर म्हणजे काय, पुढं मागाची खोली, मागं स्वयंपाकाची, त्याच्यापलीकडं न्हाणी आणि बोळात उघडणारं एक ठेंगणं दार. मागाच्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडी असलेली मी लहानपणी पाहिलेलीच नाही. नागपूरच्या कोरड्या हवेनं सूत कडक होतं आणि पटापट तुटतं. म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलेलं, जमिनीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलेलं, आणि सुताला लावायच्या तांदळाच्या खळीचा आंबूस वास भिंतीत मुरलेला. उन्हाळ्यात बाहेर लू वाहत असताना आत गेलं की गार ओल अंगाला चिकटायची. सुताला ती हवा मानवायची. तिथं बसून मी आणि माझी मोठी बहीण विमलताई कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचो. ताई एकोणीसची, मी पंधराची. माझं नाव सुमन, पण घरात सुमी.

माझा आजार शाळेत सापडला. मी आठवीत होते. दवाखान्यातून एक नर्सबाई आल्या होत्या, पोरींची वजनं करत होत्या, पापण्या खाली ओढून बघत होत्या. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी वजन बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "खोकला कधीपासून हाय वं?" मी म्हटलं, "दिवाळीपासून." "संध्याकाळी अंग गरम होते?" "होते." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मायसोबत दवाखान्यात यायला सांगितलं. तिथं छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला. परत येताना माय रस्ताभर माझा हात धरून चालली. घरी आल्यावर पहिलं काम तिनं हे केलं, की फडताळातून एक जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, थाळी आणि एक पेला काढून वेगळा ठेवला.

आता यातली अडचण तुम्हाला सांगते. ताईचं लग्न जुळलेलं होतं. मुलगा कोराडीला, वीज केंद्रात नोकरीला, कॉलनीत राहायला दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. आमच्या आख्ख्या गल्लीत असं स्थळ कोणाच्या पोरीला आलं नव्हतं. लग्न वैशाखात. आणि ज्या घरात एका पोरीला क्षय, त्या घरातली दुसरी पोरगी कोणी करत नसे. बाबांनी त्याच दिवशी ठरवलं. शाळेत सांगितलं, सुमी उमरेडला मामाकडं गेली. गल्लीतही तेच सांगितलं. मागाच्या मागं, भिंत आणि सुताचे गठ्ठे यांच्यामधल्या जागेत माझं अंथरूण टाकलं. दिवसा मी तिथून हलायचं नाही. न्हाणीत जायचं तर आधी मायनं बोळात डोकावून बघायचं. शेजारच्या गोदाबाई रोज दारात उभ्या राहून मायशी बोलायच्या, "उमरेडले बरं हाय काय सुमीचं? पत्र-गित्र?" आणि मी त्यांच्यापासून सहा हातांवर बसलेली, त्यांच्या पोलक्याला लागलेला कुंकवाचा डाग मला गठ्ठ्याच्या फटीतून दिसायचा. मनात येई, शिंक जरी आली तरी ताईचा संसार मोडेल.

त्या नर्सबाई, सिस्टर मेश्राम, चौथ्या दिवशी घरी आल्या. दवाखान्यात आम्ही इंजेक्शनाला फिरकलो नव्हतो म्हणून. बाबा त्यांना दारातूनच परतवत होते, "पोरगी मामाकडं गेली." सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं. मामाचा पत्ता द्या, उमरेडच्या दवाखान्यात कागद पाठवून देतो." बाबा दारातून हलेनात. मग सिस्टरांनी आवाज खाली केला. "आत येऊ द्या गा भाऊ. मी काई दवंडी पिटाले नाई आली."

आत आल्या आणि पहिलं त्यांनी त्या खिडकीकडं बघितलं. "हे काहून बंद?"

"सूत तुटते ना बाई," बाबा म्हणाले. "हवा लागली का दिवसभर गाठीच मारत बसा लागते."

"सुताले गाठ मारता येते. पोरीच्या छातीले कोन गाठ मारन?"

बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पण खिडकी उघडली नाही. सूत हे एक कारण, आणि खिडकीतून मी गल्लीला दिसले असते हे दुसरं. शेवटी तडजोड अशी झाली, की सिस्टर रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी घरी येऊन सुई देतील, पण पांढऱ्या साडीत नाही. साध्या साडीत, मागच्या बोळातून. कोणी विचारलं तर साडी बघायला आल्या. सिस्टर हसल्या. "माझी पांढरी साडी पाहून लोकाइले ताप येते काय? बरं बाप्पा, रंगीत नेसून येतो." पुढं गोदाबाईंनी मायला विचारलंच, "काय वं, ते बाई रोज येते, किती साड्या घेते?" माय म्हणाली, "पसंतच नाई पडत तिले."

सिस्टर इंदोऱ्याकडून सायकलनं यायच्या. लहानपणी आईबापाच्या बोटाला धरून त्यांनी दीक्षा घेतली होती, असं त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या. आमच्या मायनं त्यांना पहिल्या दिवसापासून चहा दिला, पण फुटक्या कानाच्या एका वेगळ्या कपात, आणि तो कप धुऊन ठेवायची माझ्या थाळीशेजारी. ही गोष्ट लिहायला मला लाज वाटते, पण लिहायची ठरवली आहे तर लिहिते. एके दिवशी सिस्टरांची नजर त्या फळीवर गेली. त्या मायला म्हणाल्या, "सुमीची थाळी येगळी ठेवली, ते एक येळ समजते. मले कोनता रोग हाय वं माय?" मायचा चेहरा उतरला. सिस्टरच पुढं म्हणाल्या, "आन् थाळी येगळी करून बी फायदा नाई. हे बिमारी थाळीतून नाई जात. खोकल्यातून जाते, हवेतून. थाळी येगळी केली, हवा त एकच ठेवली तुमी सगळ्याइनं." सिस्टर गेल्यावर मायनं तो कप पदरानं पुसला, थोडा वेळ हातात धरला आणि उचलून आमच्या कपांत ठेवून दिला. माझी थाळी मात्र वेगळीच राहिली.

मग रोजचं सुरू झालं. स्टोव्हवर छोट्या पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळत राहायची, टणटण वाजायची. तो आवाज ऐकला की माझी कंबर आपोआप आखडायची. एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं. वर कडू पुड्या, पिवळट गोळ्या. सिस्टरांनी खायला सांगितलं म्हणून माय मला रोज एक अंडं उकडून द्यायची आणि गोळाभात करायची तेव्हा त्यावर गरम तेलाची फोडणी माझ्या थाळीत जास्त ओतायची. लसणाचा तो चर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन महिन्यांत माझा ताप गेला. भूक अशी लागायला लागली, की मला माझीच लाज वाटायची. खोकला कमी कमी होत गेला, आणि मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की मी फारशी खोकत नाही, तरी बाबांचा माग मधूनच पळतोच आहे.

तो खोकला ताईचा होता.

ताई न्हाणीत जाऊन खोकायची, बादलीत पाणी ओतत. स्वयंपाकघरात चुलीच्या धुराचं निमित्त करायची. आणि बाबांना काय, घरात खोकला वाजला की पाय चालवायचे एवढंच ठाऊक. कोण खोकतंय हे बघायची गरजच नव्हती. आजारी मी होते, म्हणून घरातला प्रत्येक खोकला माझा होता. मी माझं अर्धं अंडं ताईला द्यायला लागले. ती नको म्हणायची आणि घ्यायची. तिच्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. माय म्हणायची, लग्नाच्या पोरी अशाच वाळतात.

मी एकदा ताईला म्हटलं, "सिस्टरले सांगू काय?" तिनं माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली. "सांगितलं त पाहाय सुमे. तुझ्यापायी झाकून झाकून बाबाइनं हे लगन इथवर आनलं."

तिचं काही खोटं नव्हतं. मी काय करणार होते?

तीन महिने झाले तेव्हा सिस्टरांनी झाकणाची एक छोटी डबी आणली. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून त्यात थुंकायचं, औषधानं जंतू गेले की नाही ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी डबी घेऊन न्हाणीत बसले. खोल खोकून बघितलं, पण काही येईना. तेवढ्यात ताई आली, आल्या आल्या भिंतीला हात टेकून खोकायला लागली. मी डबी तिच्यापुढं धरली.

"यात थुंक."

"पागल झाली काय वं?"

"नाव माझंच राहीन. तुले काय हाय ते माहीत त पडन."

तिनं न्हाणीच्या दाराची कडी लावली. मग तिनं डबी घेतली. आज वाटतं, किती अडाणी पोरी होतो आम्ही. पण त्या वेळी मला वाटलं होतं, मी फार हुशारी केली. कोणाचं काही न मोडता खरं काय ते कळणार होतं.

कळलं ते असं, की चार दिवसांनी सिस्टर आल्या त्या तोंड बारीक करून. "जंतू भरले हायत थुंकीत. सुमे, खरं सांग, गोळ्या खाते का फेकते?" बाबांनी माग थांबवला. मी म्हटलं, "खातो." बाबा उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर हात उगारला. सिस्टर मधे पडल्या म्हणून वाचले. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि तोंड बंद ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मायनं माझ्या अंथरुणाभोवती जुन्या साडीचा पडदा बांधला. आता फटीतून दिसायची ती गल्लीही गेली. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरेल तेव्हा मला बोळापलीकडच्या लाकडाच्या खोपटात ठेवायचं, असं ठरलं. मी बरी होते, छातीत काही नव्हतं, भूक लागत होती, पाय पळायला मागत होते, आणि मी तिथं पडून होते ताईच्या आजाराच्या नावानं. ताई पडद्याआड यायची. मी रोज माझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या तिच्या मुठीत द्यायची आणि ती गिळायची. वाटायचं, अर्ध्या गोळ्यांनी अर्धी तरी बरी होईल. पुढं हे ऐकून सिस्टरांनी कपाळावर हात मारला. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत म्हणाल्या, शहाणे होतात, मग पुऱ्या औषधालाही दाद देत नाहीत. दोघीही गेलो असतो.

लग्नाला तेरा दिवस उरले होते. सिस्टर आल्या, सोबत वजनाचा काटा घेऊन आल्या. माझं वजन आधीपेक्षा चांगलं वाढलेलं. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "अंग भरते, ताप नाई, आन् थुंकीत इतके जंतू?" मग त्यांनी थर्मामीटर झटकलं, माझ्या जिभेखाली ठेवलं आणि माझा हात धरून घड्याळ बघत बसल्या. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. घरात कसलाच आवाज नव्हता. आणि स्वयंपाकघरातून खोकला आला.

मागोमाग बाबांचा माग सुटला. खट्-खटाक, खट्-खटाक.

सिस्टरांनी घड्याळावरचे डोळे उचलले आणि माझ्या मिटलेल्या ओठांकडं बघितलं, त्यातून बाहेर आलेल्या काचेच्या नळीकडं. आत खोकला चालूच होता. बाबा खाली मान घालून माग हाणत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण तोंड उघडायचं नव्हतं, नळी होती ना. सिस्टरांनी ती काढली, उजेडाकडं धरून वाचली. फक्त म्हणाल्या, "विठोबाभाऊ, माग थांबवा जरा."

बाबांनी ऐकलं नाही. की ऐकलं, पण पाय थांबेनात, कोण जाणे. मग ताई बाहेर आली. ती मागापाशी गेली, आणि मागाची जी दांडी बाबा पुढंमागं ओढत होते, तिच्यावर तिनं दोन्ही हात ठेवले. धोटा मधेच अडकला. घर गप्प झालं. त्या गप्पपणात ताईला पुन्हा उबळ आली आणि ती उभ्या उभ्या खोकली, तोंडावर काही न घेता, सगळ्यांच्या देखत.

"हा माहा हाय, बाबा," ती म्हणाली. "डबीतली थुंकी बी माहीच होती. सुमी बरी झाली कवाची."

बाबांनी तुटलेल्या सुताची टोकं बोटांत धरली. मग इतक्या हळू बोलले, की मला जेमतेम ऐकू आलं, "तेरा दिवस थांब, पोरी. अक्षता पडू दे. मंग कराचं ते करू."

सिस्टर म्हणाल्या, "अक्षता पडल्यावर कोन करन, भाऊ? कोराडीच्या दोन खोल्यात खोकन हे, तं तिथं झाकाले माग कुठून आनसान? आठ दिवसांत तिले परत आनून सोडतीन दारात. नाई आनलं तं त्याहूनही वाईट. दबून दबून मरन."

"आन् आता सांगितलं तं?" बाबांचा आवाज चढला. "हे लगन गेलं. हिचं गेलं, त्या धाकटीचं गेलं. तुमी सायकलवर बसून निघून जासान, बाई. आमाले याच गल्लीत राहा लागते."

सिस्टर खोटं काही बोलल्या नाहीत, सगळं ठीक होईल असंही म्हणाल्या नाहीत. सामान पिशवीत भरलं आणि ताईला म्हणाल्या, "उद्या सकाळी आठ वाजता मी दवाखान्यात खिडकीपाशी उभी राहीन. येनं न येनं तुह्या हातात." त्या दिवशी पहिल्यांदा त्या पुढच्या दारानं गेल्या.

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. ताई बरी झाली. दीड वर्ष लागलं. कोराडीचं लग्न मोडलं, आणि बाबा म्हणाले होते तसंच झालं, गल्लीनं बरीच वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. गोदाबाई दारात उभ्या राहीनाशा झाल्या. ताईचं लग्न खूप उशिरा झालं, वर्ध्याकडं, सगळं आधी सांगून. मी शाळेत परत गेलेच नाही, जे काय वाचलं ते नंतर घरच्या घरी, मिळेल ते. सिस्टर मेश्राम आमच्याकडं सुई द्यायला आणि नंतर नुसत्याच चहाला कितीतरी वर्षं येत राहिल्या. आता पोरींना सगळं शिकवतात, भिंतींवर लिहितात, औषध फुकट देतात. तरी माझ्या नातीची एक मैत्रीण परवा सांगत होती, की तिच्या घरी तिच्या बहिणीचं औषध डाळीच्या डब्यात लपवून ठेवतात. मी तिला बसवून घेतलं आणि हे सगळं सांगितलं.

पण मला सांगायची होती ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाबा रात्रभर झोपले नव्हते, आणि सकाळी त्यांनी "जा" म्हटलं नाही, "नको जाऊ" असंही म्हटलं नाही. ताईनं वेणी घातली, मला म्हणाली, "चाल." दोघी पुढच्या दारानं निघालो. चार महिन्यांनी मी उन्हात आले होते, डोळे उघडेनात, ताईचा पदर धरून चालत होते. गल्लीत बाया नळावर होत्या. उमरेडला गेलेली सुमी घरातून निघताना बघून एकीची घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. कोणी हाक मारली नाही. आम्हीही थांबलो नाही.

दवाखान्यात लांब रांग होती. सिस्टर खिडकीजवळ उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, पण पुढं आल्या नाहीत. आमचा नंबर आला. आतल्या बाबूनं वर न बघताच विचारलं, "नाव?" इतके महिने प्रत्येक कागदावर माझंच नाव पडत आलेलं. मी सवयीनं तोंड उघडलं, तर ताईनं मला हातानं मागं सारलं आणि स्वतःचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं खणखणीत सांगितलं. वय सांगितलं. कोराडीला तोवर कोणी काही कळवलं नव्हतं. घरी हळदीच्या साडीचा काठ मागावर अर्धा विणून तसाच राहिला होता.

"लगन झालं?" बाबूनं विचारलं.

"जुळलं होतं."

आता त्यानं मान वर केली. "होतं म्हंजे?"

"होतं," ताई म्हणाली. "तुमी नाव लिहा."